उजव्या कौलाची चाल

आमच्या गावाला राष्ट्रगीत मिळालं ते बोटीने, आणि तेही अर्धंच. शब्द आले, चाल आली नाही.

मालवणजवळच्या कट्टा गावचा बाजार मागे टाकून समुद्राच्या अंगाने चालत निघालं की एक लांबलचक मळा लागतो, त्याच्या काठाला आमचं गाव. मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने मालवणच्या बंदरात यायचं, पडावातून किनाऱ्याला लागायचं, आणि बाजाराला गेलेला कोणीतरी ते काखोटीला मारून आमच्याकडे आणायचा. तोवर बातमी पार शिळी झालेली असायची. प्रजासत्ताक कधी होणार ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. पण त्या दिवशी गायचं काय, हे दिल्लीकरांनी अगदी तोंडावर येईपर्यंत ठरवलं नव्हतं. म्हणून त्या पहिल्या सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेपुढे झेंडा चढला, नारळ फुटला, गूळखोबरं वाटलं, जयजयकार झाला आणि सगळे आपापल्या घरी गेले. गाणं झालंच नाही. गाण्याचा पेपर नंतर आला.

मी तेव्हा चौथीत होते. शाळेत एकच मास्तर. त्यांनी तो पेपर देवळाच्या सभामंडपात बसून मोठ्याने वाचून दाखवला. दोन गाणी पुढे होती, त्यातलं एक राष्ट्रगीत झालं आणि दुसऱ्याला तेवढाच मान द्यायचं ठरलं. मतदान झालं नाही. घटना समितीचे अध्यक्ष उठले, त्यांनी निवेदन वाचलं, आणि झालं. बँडवर कुठलं गाणं चांगलं वाजतं याचाही खल आधी पुष्कळ झाला होता म्हणे. आणि शेवटी त्या निवेदनात एक वाक्य होतं, की प्रसंग पडेल तसा सरकारला या गीताच्या शब्दांत फेरफार करता येईल. मास्तरांनी हे वाक्य बाकीच्यासारखंच सपाट वाचलं. माझ्या बाबांनी मात्र ते पुन्हा वाचायला लावलं.

बाबा शिंपी होते. आमच्या ओटीवर त्यांचं पायाचं मशीन होतं आणि पंचक्रोशीतले सदरे, लेंगे, परकर-पोलकी तिथेच व्हायची. पण गाव त्यांना शिंपी म्हणून हाक मारत नसे. गाव त्यांना बुवा म्हणायचं. भजनाची पेटी त्यांची, गळा त्यांचा. दोन गावच्या बुवांची समोरासमोर डबलबारी लागली की समोरचा बुवा घामाघूम व्हायचा. दिवसभर मशीनचा पाय चालायचा आणि त्याच्या ठेक्यावर बाबा काहीतरी गुणगुणत असायचे. जेवायला हाक मारली तर आवर्तन पुरं करून उठायचे. आई चिडायची, पण थांबायची.

तर पेपर वाचून झाला आणि प्रश्न उभा राहिला की याची चाल काय. गावात रेडिओ नव्हता. मालवणात काही घरांत होता, पण ऐकलेली चाल गळ्यात बसवून आणील असा गावात माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे बाबा. आणि बाबांनी तर मास्तर पेपराची घडी घालत होते तेव्हाच मांडीवर बोटं वाजवायला सुरुवात केली होती.

गावात तेव्हा मुंबईहून एक गिरणीकामगार रजेवर आलेला होता. तो म्हणाला, "मी आयकलंय ह्या गाणा. थंय सभेत म्हणतत." म्हण म्हटल्यावर तो उभा राहिला आणि म्हणायला लागला. बिचाऱ्याला सूर म्हणजे काय हे देवाने सांगितलेलंच नव्हतं. एकदा म्हटलं ते एक, पुन्हा म्हण म्हटल्यावर दुसरंच. लोक तोंडाला पंचा लावून हसले. मास्तरांचं म्हणणं होतं की चालीच्या भानगडीतच पडू नये, श्लोकासारखं सरळ म्हणावं. त्याला कोणी तयार होईना. गाणं म्हणायचं आणि ते गायचं नाही, हे आमच्याकडे कुणाच्या पचनी पडण्यासारखं नव्हतं.

बाबांनी आठवडाभर मशीनवर बसून चाल बांधली. आणि अशी बांधली की गाव डोलायला लागलं, पण मुंबईवाला हट्टाला पेटला. "खरी चाल ही न्हय. माज्या कानान आयकलंय मी." वाद वाढत गेला. शेवटी आमच्याकडे सगळ्या वादांचं जे होतं तेच झालं. ते गाणं देवाच्या दारात गेलं.

कौल म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गुरव देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावचा मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, लोक "व्हय महाराजा" म्हणतात, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. लग्न जमवायचं, विहीर खणायची, नांगर कधी धरायचा, सगळं आम्ही असंच विचारत आलो. मास्तर कासावीस झाले. म्हणाले, "अहो, हे राष्ट्राचं गीत आहे. त्याला कौल कसला लावता?"

मानकऱ्यांनी पान चघळत विचारलं, "दिल्लेक मत घेतल्यानी?"

"नाही."

"एका माणसान उठान सांगल्यान नि सगळ्यांनी आयकल्यानी. बरोबर मां? थंय अध्यक्ष, हंय देव. आमी काय वायट करतो?"

 खरं सांगायचं तर याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

गाऱ्हाणं झालं. मी आईच्या पदराशी उभी होते आणि बाबांकडे बघत होते. बाबा पाकळ्यांकडे बघतच नव्हते. खाली मान घालून उभे होते, हाताची नखं बघत. उजवी पाकळी पडली. मंडपात कालवा झाला, मुंबईवाल्याने तोंड पाडलं आणि माझ्या बाबांची चाल आमच्या गावापुरती भारताच्या राष्ट्रगीताची चाल झाली.

ती चाल कशी होती ते मी सांगू शकते, गाऊन दाखवू शकत नाही. भजनाच्या अंगाची होती. बाबा एक ओळ म्हणायचे आणि मग सगळ्यांनी ती उचलायची. खालच्या पट्टीत सुरू व्हायची, प्रत्येक ओळीला एकेक पायरी वर चढायची, आणि शेवटचा जयघोष आला की पोरंबाळं, म्हातारेकोतारे, कुंपणापलीकडून बघणाऱ्या बायका, सगळे एकदम त्यात पडायचे. गाणं चांगलं लांब व्हायचं. उभं राहून आमचे पाय भरून यायचे, पण मध्येच खाली बसावं असं कधी वाटलं नाही. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी हे दोन दिवस बाबांचे. स्वतः शिवलेला कोट, काळी टोपी, शाळेच्या टेबलावर पेटी, आणि बाबा उभ्याने भाता मारताहेत. बसून राष्ट्रगीत वाजवायचं नाही, हा त्यांनी स्वतःच केलेला नियम होता.

त्यांच्या डोक्यातून ते पेपरातलं वाक्य काही जाईना. मास्तर समजावून थकले, "बुवा, शब्दांत फेरफार असं लिहिलंय. चालीत नाही."

"शब्द बदलूक शकतत, तर चालीन काय कोणाचा घोडा मारल्यान?" बाबा म्हणायचे. "प्रसंग पडतलो. तेवा कोणतरी आमची चाल आयकात."

त्यांना खरोखर तसं वाटत होतं. कधीतरी एखादा सरकारी माणूस झेंड्याच्या दिवशी आमच्या गावात येईल, चाल ऐकेल, वर कळवेल. त्यासाठी ती चाल कुठेही डगमगता कामा नये, म्हणून दर खेपेला पंधरा दिवस आधी आमची तालीम. गावाने त्यांची थट्टा आरंभली ती कधी थांबलीच नाही. रस्त्यात गाठून विचारायचे, "काय बुवा, पडलो काय प्रसंग?" बाबा सुईत दोरा ओवल्यासारखं शांतपणे म्हणायचे, "पडतलो."

तालुक्याचे दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे, वर्षातून एकदा यायचे खरे, पण झेंड्याच्या दिवशी कधी नाही. ते आले की पाढे विचारायचे, हजेरीपट बघायचे, शहाळ्याचं पाणी प्यायचे आणि जायचे. सरकारचा आमच्याशी एवढाच संबंध.

पुढे मी सातवीची फायनल पास झाले, काही दिवस घरी बसले आणि मग रत्नागिरीला ट्रेनिंग कॉलेजात गेले. माझ्याबरोबर कट्ट्याची एक मुलगी होती. तिचे वडील सदरे शिवायला बाबांकडेच टाकायचे, म्हणून तर मला तिच्या सोबतीने पाठवलं. तिथली पहिली पंधरा ऑगस्ट आली. गाण्याची आवड कोणाला, असं विचारल्यावर मी हात वर केला होता, त्यामुळे मला पहिल्या रांगेत उभी केली. मी बुवांची मुलगी. छाती भरून सूर लावला.

काय झालं ते सगळ्यांना कळलंच असेल. ते सगळे एकीकडे गेले आणि मी दुसरीकडे. आणि मी काही लगेच थांबले नाही. मला वाटलं, हेच चुकले. हे रत्नागिरीचे लोक एवढं मोठं कॉलेज चालवतात आणि यांना साधी राष्ट्रगीताची चाल येत नाही! म्हणून मी आणखी जोरात म्हटलं. मागून खसखस सुरू झाली. बाईंनी डोळे वटारले. मग मी गप्प झाले आणि ते सगळं त्यांचं त्यांचं पुरं होईपर्यंत झेंड्याकडे बघत उभी राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसताही येईना, कारण हलायचं नसतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली. ती सगळीजणं जे गात होती ते मी आधी ऐकलं होतं. आमच्या देवळात. तो मुंबईचा गिरणीवाला जे बेसूर, मोडकंतोडकं म्हणत होता, ते हेच होतं. खरी चाल आमच्या गावात आली होती. आम्ही तिला हसलो आणि देवाने तिला डावा कौल दिला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा यातलं मी अवाक्षर काढलं नाही. कोणत्या तोंडाने काढणार? बाबा विचारत होते, "तुमच्या थंय गाणा बरा म्हणतत काय?" मी म्हटलं, "हो, बरं म्हणतात." ते म्हणाले, "आमच्यासारखा म्हणतत?" मी पाणी प्यायला आत गेले.

ट्रेनिंग संपलं आणि मला नेमणूक मिळाली ती माझ्याच गावच्या शाळेत. आई देवाला पाच नारळ ठेवून आली. जुने मास्तर निवृत्त झाले होते, नवे हेडमास्तर घाटावरचे, शिस्तीचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की राष्ट्रगीताची चाल ठरलेली आहे, वेळ ठरलेला आहे, मिनिटाच्या आत संपलं पाहिजे, आणि मुलांना ते तुम्ही शिकवा, तुम्ही शिकून आला आहात. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझंही नव्हतं. मुलांना देशाचं गाणं देशासारखं यायला नको का? मी आजही दुसरं काही केलं नसतं. पण बरोबर वागूनही आयुष्यभर काहीतरी सलत राहू शकतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

शाळा आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त मळा. शाळेच्या पडवीत मुलं पाढे म्हणायला लागली तर आमच्या ओटीवर शब्द नि शब्द ऐकू यायचा. मी बाबांना आदल्या दिवशी सांगितलं. सरळ सांगितलं, की चाल वेगळी आहे, मला तीच शिकवावी लागणार. बाबा एका सदऱ्याची काजं करत होते. म्हणाले, "सरकारची नोकरी आसा. करूक होयी." आणि काजं करत राहिले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी निवळायचं. हे निवळणार तरी कसं?

मी शिकवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मुलांना ती चाल गचाळ वाटली, ती आपली जुनीच ओढत होती. मी पट्टी आपटून आपटून त्यांची जुनी चाल मोडली. दोन-तीन दिवसांनी मुलं सुरात आली. त्या दिवशी संध्याकाळी आईने मला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच म्हणाली, "तुमचा गाणा सुरू झाला काय ते मशीन बंद करतत आणि उभे ऱ्हवतत. टोपी घालतत. संपला काय बसतत."

"तालमीला कशाला उभं राहायचं?" मी म्हटलं. "तालमीला नसतं उभं राहायचं."

"तां तू तेंका सांग," आई म्हणाली. मी नाही सांगितलं.

बाबा एवढंच म्हणाले, तेही जेवताना, पानाकडे बघत, "बरा बसयलंस. तिसऱ्या वळीक पोरां खाली येतत. तेवडा सांभाळ." दुसऱ्या दिवशी बघितलं तर खरंच, तिसऱ्या ओळीला मुलं उतरत होती.

झेंड्याच्या दिवशी बाबा कोट-टोपी घालून यायचे, पण पेटी आणायचे नाहीत. गर्दीत मागे उभे राहायचे आणि ओठ मिटलेले ठेवायचे. गावाने काही काळ कुरकुर केली, मग गावही नव्या चालीवर आलं. कुंपणाकडच्या बायकांचं तोंड मात्र बंद झालं. नव्या चालीत त्यांनी कुठे शिरायचं ते त्यांना कधी कळलंच नाही. आणि एक दिवस मला जाणवलं की "पडलो काय प्रसंग?" असं आता बाबांना कोणी विचारत नाही. थट्टा थांबली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग गोवा मोकळा झाला. माझ्या आईचं माहेर पेडण्याकडे. सत्याग्रहाच्या वर्षापासून सरहद्द बंद होती आणि आई माहेराला गेली नव्हती. मामाच्या लग्नालासुद्धा नाही. हद्द उघडली तशी मामाने माणूस पाठवून निरोप दिला. सव्वीस जानेवारी जवळ आली आहे, पोर्तुगीज गेले, आता आपल्या गावात आपला झेंडा चढवायचा आहे, पण इथे कुणालाच गाणं येत नाही. शब्द मिळालेत, चाल नाही. भावोजींना पेटी घेऊन पाठव.

निरोप सांगून माणूस ओटीवर बसला. आई बाबांकडे बघून हसली. इतक्या दिवसांनी गावाचं ते वाक्य आईच्या तोंडून आमच्या घरात आलं. "पडलो मां प्रसंग?"

 बाबा आत गेले आणि पेटीवरची गवसणी काढून भाता तपासायला लागले. मी शेजारीच होते.  माझ्या मनात आलं की तिथे चाल कोणालाच ठाऊक नाही. तिथे हेडमास्तर नाही, परिपत्रक नाही, मी नाही. शब्द आहेत आणि चाल नाही, म्हणजे जसं आमचं होतं तसंच. बाबांनी तिथे आपली चाल शिकवली, तर ती तिथे जगेल. चार-पाच वर्षं जगेल, नाहीतर दोन. तेवढी का होईना. मी मनाशी ठरवून टाकलं की बाबांनी तिथे आपली चाल लावली तर मी, सरकारी शिक्षिका असले तरी, मूग गिळून बसेन.

सव्वीस जानेवारीच्या आधीचा रविवार होता म्हणून मलाही जाता आलं. आम्ही तिघं पहाटेच्या एस.टी.ने सावंतवाडीला आणि तिथून पुढे निघालो. आईच्या मांडीवर कुळथाच्या पिठाचं गाठोडं, बाबांच्या मांडीवर पेटी. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवून सगळ्यांना उतरवलं. हद्द गेली होती, पण नाका होता तिथेच होता. गोव्यातून काय काय चोरून येतं म्हणून झडत्या चालूच होत्या. आम्ही जात होतो, येत नव्हतो, पण हे त्या पोलिसाला कोण समजावणार? त्याला पेटीचा संशय आला.

"काय आहे यात?"

"पेटी आसा, साहेब. भजनाची."

"वाजवून दाखवा."

बाबांनी रस्त्याच्या कडेला एका दगडावर पेटी ठेवली. दगड बसका होता, तरी वाकून, उभ्यानेच भाता मारला. आणि आपली चाल वाजवली. शब्दांशिवाय, नुसती पेटीवर. पहिली ओळ, दुसरी, एकेक पायरी चढत पुढे. शेवटच्या जयघोषापर्यंत पुरी वाजवली. पोलीस अर्ध्यातच "बरं, बरं, जा" म्हणून पुढच्या माणसाकडे वळला होता.

मी काय करत होते? आईचं गाठोडं दुसऱ्या पोलिसाने उघडलं होतं आणि पीठ सांडत होतं, ते मी सावरत होते. वर ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मला वाटलं, बाबा बोटं मोकळी करताहेत, तिथे गेल्यावर हेच वाजवणार आहेत, तेव्हा ऐकूच. मी अर्धं लक्षही दिलं नाही.

मामाच्या गावात देवळाच्या अंगणात माणसं जमली होती. पोरं पुढे, बायका मागे खांबांशी. मामाने आईला धरून ठेवलं होतं, दोघंही रडत होती. बाबांनी टेबलावर पेटी ठेवली, टोपी सारखी केली, कोटाची बटणं लावली. सगळं अगदी आमच्या शाळेत पूर्वी करायचे तसंच. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि खालच्या पट्टीतल्या त्या पहिल्या सुराची वाट बघायला लागले.

बाबांनी सरकारी चाल लावली.

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. ज्या माणसाने ती चाल एकदाही तोंडाने म्हटली नव्हती, फक्त मळ्यापलीकडून, मशीन थांबवून, टोपी घालून ऐकली होती, तो ती त्या पोरांना एकेक ओळ समजावून देत होता. तिसऱ्या ओळीला पोरं उतरायला लागली तेव्हा म्हणाले, "हंय खाली येव नुको रे. हंय सगळीच चुकतत." दुपारपर्यंत पोरं तयार झाली. मामा खूश झाला, गावाने बाबांना नारळ-टोपी दिली.

परतीच्या गाडीत आई माहेरच्या आठवणीत बुडून खिडकीबाहेर बघत होती. मला राहवेना. मी बाबांना विचारलं, "तुम्ही आपली चाल का नाही लावली? तिथे कोण विचारणार होतं?"

बाबांनी पेटीवरच्या गवसणीची नाडी बांधली. मग म्हणाले, "त्या पोरांका आता नवो देश गावलो. उद्या तेंच्यातला कोणतरी शिकूक भायर जातला. थंय सगळी एक गातली नि ह्यां एकटा दुसराच. मगे तेका रडाक येतला." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि ता घराकडे येवन सांगूचा पण नाय."

कट्ट्याच्या त्या मुलीचे वडील सदरे घ्यायला येत, तेव्हा केव्हातरी बोलले असणार. बाबांना किती वर्षांपासून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. मी शाळेत ती चाल मोडायला घेतली त्याच्या आधीपासून ठाऊक असणार, एवढं मात्र मला त्या गाडीत कळलं. त्यांनी माझ्यावर आवाज का चढवला नाही, तेही कळलं. मी गाडीत रडले. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून दिला.

त्यानंतर बाबांनी ती चाल वाजवली नाही. एकदा, ते अंथरुणाला खिळल्यावर, मी पेटी त्यांच्याजवळ नेऊन म्हटलं, "एकदा वाजवा ना, मला ऐकायचीय." ते म्हणाले, "आठवणा नाय गो बाय." त्यांना सगळ्या गावाची मापं तोंडपाठ होती, कोणाचा खांदा उतरता आणि कोणाचा हात लांब. त्यांना आठवत नव्हती यावर माझा विश्वास बसला नाही आणि अजून बसत नाही. पण मी पुन्हा विचारलं नाही. गोवा मोकळा झाल्यावर काही पावसाळ्यांनी ते गेले आणि आम्ही पेटी भजन मंडळाला दिली.

आता माझ्याबरोबर चौथीत शिकलेल्या बायका गावात दोघी-तिघी उरल्या आहेत. मी गावाला गेले की त्यांना पिडते, म्हणा गं बुवांची चाल. त्या हसतात, लाजतात, मग म्हणायला लागतात. पहिली ओळ अगदी बाबांची येते. दुसरीही येते, खालून वर, पायरी चढत. तिसऱ्या ओळीला त्या न कळत सरकारी चालीवर येतात आणि पुढचं सगळं सरकारीच होतं. त्यांना मी हसत नाही. मी एकटी असताना म्हणून बघते, माझंही तिथेच होतं.